विश्लेषण : जीएसटी शून्य, तरी आरोग्य विमा महागच! केवळ स्पर्धा वाढवून हा बाजार सुधारेल का?

वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. त्यानंतर तीन महिन्यांतच, डिसेंबर २०२५ मध्ये, विमा क्षेत्रात १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीला वाट देणारी कायदादुरुस्ती संसदेने मंजूर केली. कर कमी, कंपन्या जास्त, स्पर्धा मोठी. मग विमा स्वस्त आणि चांगला होणारच, असे यामागचे गणित. पण साठी ओलांडलेल्या विमाधारकाच्या मोबाइलवर नूतनीकरणाचा मेसेज येतो तेव्हा त्याला हे गणित चुकल्यासारखे वाटते. ते नेमके कुठे चुकते आणि दुरुस्त कसे करता येईल?

नेमका प्रश्न काय आहे?

समजा, एका गृहस्थांनी पंचेचाळिसाव्या वर्षी पॉलिसी घेतली. वीस वर्षे एकही हप्ता चुकवला नाही, दावा जवळपास केलाच नाही. आता वय ६५. मधुमेह आहे, रक्तदाब आहे आणि निवृत्तिवेतन बेताचेच. हप्ता दरवर्षी वाढतो. पॉलिसी सोडावी तर पुढच्या आजारपणात साठवलेली पुंजी जाईल. दुसऱ्या कंपनीकडे जावे तर ती वय आणि आजार पाहून नकार देते किंवा जादा हप्ता मागते. म्हणजे ज्या वयासाठी विमा घेतला, त्याच वयात तो परवडेनासा होतो.

ही अडचण एकट्यादुकट्याची नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. तरीही उपचाराच्या दर शंभर रुपयांतले ३९ रुपये घरातून जातात. निती आयोगाच्या ऑक्टोबर २०२१ च्या अहवालाने तर सुमारे ४० कोटी लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या ३० टक्क्यांना, आरोग्याचे कोणतेही आर्थिक संरक्षण नसल्याचे म्हटले होते. सरकारी योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत आणि खासगी विमा परवडण्याइतके सधन नाहीत, असा हा ‘हरवलेला मधला वर्ग’.

जीएसटी माफीचा फायदा किती?

फायदा झाला, हे मान्य करायला हवे. ४० हजार रुपये मूळ हप्ता असेल तर आधी त्यावर ७,२०० रुपये कर लागून ४७,२०० रुपये भरावे लागत. आता ४० हजारच भरावे लागतात. पण ही सवलत एकदाच मिळते, हप्त्यातील वाढ मात्र दरवर्षी होते. मूळ हप्ता वर्षाला १० टक्क्यांनी वाढला, तर पहिल्या वर्षी तो ४४ हजार होतो आणि दुसऱ्या वर्षी ४८,४००. म्हणजे दोन नूतनीकरणांतच करमाफीचा सगळा फायदा धुऊन निघतो.

शिवाय करमाफीबरोबर कंपन्यांना कमिशन, कार्यालयाचे भाडे यांसारख्या खर्चांवर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. तो बोजा कंपनी, एजंट आणि ग्राहक यांच्यात कुठेतरी वाटला जाणारच. मालकाने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या समूह विम्याला तर ही माफी लागूच नाही. तेव्हा करकपात स्वागतार्ह असली तरी तिला सुधारणा म्हणता येणार नाही. हप्ता ज्या कारणांनी वाढतो, त्यांतल्या एकालाही ती हात लावत नाही.

बाजाराधारित सुधारणा म्हणजे काय?

विमा सरकारने स्वतः न चालवता अनेक कंपन्यांना तो विकू द्यावा, ग्राहकाने तुलना करून निवड करावी आणि न पटल्यास कंपनी बदलावी. या दबावाने हप्ते आटोक्यात राहतील आणि सेवा सुधारेल, हा या विचाराचा गाभा.

भारताने ही वाट पाव शतकापूर्वी धरली. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरहून अधिक कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. त्यांनीच १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणला. हा शब्द इतका रुळला की आजही अनेक घरांत कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला मेडिक्लेमच म्हणतात. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरण, म्हणजे इर्डाई, स्थापन झाले आणि २००० पासून खासगी कंपन्या आल्या. परकीय गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, मग ७४ आणि आता १०० टक्क्यांवर गेली. केवळ आरोग्य विमाच विकणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. विक्रेत्यांच्या संख्येचाच प्रश्न असता, तर तो केव्हाच सुटायला हवा होता.

आरोग्य विम्याचा बाजार इतर बाजारांपेक्षा वेगळा कसा?

दुकानदार साबण विकताना गिऱ्हाईक कोण आहे हे पाहत नाही. साबण कोणीही नेला तरी त्याचा खर्च तोच. विम्याचे तसे नाही. एकच पॉलिसी पंचविशीतल्या निरोगी तरुणाला विकली तर कंपनीचा फायदा, आणि हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या आजोबांना विकली तर तोटा. येथे मालाचा खर्च गिऱ्हाइकावर ठरतो. त्यामुळे चांगला माल बनवण्यापेक्षा चांगले गिऱ्हाईक निवडणे कंपनीला अधिक किफायतशीर पडते.

अर्थशास्त्राला हे ठाऊक नाही असे नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार नेहमीच्या बाजारासारखा का चालत नाही, हे मांडले. रुग्णाला स्वतःला काय हवे हे कळत नाही, ते डॉक्टर ठरवतो. आजार केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नसते. जॉर्ज ॲकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा १९७० चा निबंध तर पुढे नोबेलपर्यंत पोहोचला. त्याच निबंधात त्यांनी ६५ वर्षांवरील लोकांना आरोग्य विमा मिळणे इतके कठीण का, असाही प्रश्न घेतला होता. हप्ता वाढवला की निरोगी लोक बाहेर पडतात, आजारी तेवढे उरतात, म्हणून हप्ता आणखी वाढतो आणि आणखी लोक बाहेर पडतात, असे ते चक्र. आपल्याकडच्या ज्येष्ठांना या चक्राचा अनुभव आहे. त्याचे नाव तेवढे ठाऊक नसते.

मग आपल्याकडे स्पर्धा कशासाठी होते?

मुख्यतः नवा ग्राहक पकडण्यासाठी. याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. जमा हप्त्यांच्या दर शंभर रुपयांतले किती रुपये दाव्यांवर गेले, याला दावा-खर्च गुणोत्तर म्हणतात. इर्डाईच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार सरकारी कंपन्यांचे हे प्रमाण सुमारे १०३ टक्के, खासगी सर्वसाधारण विमा कंपन्यांचे सुमारे ८९ टक्के, तर केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे सुमारे ६५ टक्के होते.

या आकड्यांची तुलना जपून करायला हवी. सरकारी कंपन्यांकडे समूह विमा मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो बऱ्याचदा कमी दराने विकला जातो. वैयक्तिक पॉलिसीसाठी एजंट, जाहिरात, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च अधिक असतो. शंभरापेक्षा जास्त गुणोत्तर ही काही आदर्श स्थिती नव्हे. अशी कंपनी फार काळ तग धरू शकत नाही. पण शंभरातले पस्तीस रुपये उपचाराऐवजी इतरत्र जात असतील, तर ते कुठे जातात हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नियमांनुसार केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना व्यवस्थापन व कमिशनवर एकूण हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ही मर्यादा ३० टक्के आहे. म्हणजे खर्चाला छत आहे, पण दाव्यांसाठी किमान इतके वापरलेच पाहिजेत, असा तळ नाही.

पोर्टेबिलिटी आहे, मग अडचण कुठे?

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ मध्ये आली. त्याच वर्षी, १ ऑक्टोबरपासून, आरोग्य विम्यातही पोर्टेबिलिटी सुरू झाली. मोबाइलच्या बाबतीत तिने खरोखर फरक पडला, कारण नवी कंपनी क्रमांक घेताना ग्राहकाचे वय आणि साखर तपासत नाही.

विम्यात अर्ज करण्याचा हक्क ग्राहकाचा असला, तरी स्वीकारण्याचा निर्णय नव्या कंपनीचा असतो. प्रतीक्षा कालावधीचे जमा झालेले श्रेय तुमच्याबरोबर येते, तेही जुन्या विमा रकमेपुरते. पण कंपनीने तुम्हाला घेतलेच पाहिजे, असे बंधन नाही. परिणामी निरोगी माणूस सहज कंपनी बदलतो आणि ज्याला बदलण्याची खरी गरज आहे तो अडकून पडतो. गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही हे दुकानदाराला ठाऊक असेल, तर त्याने भाव का उतरवावा? बाजाराचा सगळा दबाव ‘मी दुसरीकडे जाईन’ या एका वाक्यावर उभा असतो. साठीनंतर ते वाक्य उच्चारण्याची सोय विमाधारकाकडे राहत नाही.

नियामकाने काहीच केले नाही का?

बरेच केले. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. सलग ६० महिने विमा चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी त्यासाठी आठ वर्षे थांबावे लागे. सर्व वयोगटांसाठी योजना उपलब्ध ठेवण्याचे बंधनही आले. मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्यास सांगितले. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायची.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक पाऊल पडले. साठ वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी इर्डाईशी विचारविनिमय केला पाहिजे. हा दिलासा खरा, पण अपुरा. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर ४० हजारांचा हप्ता सात वर्षांत सुमारे ७८ हजार होतो. निवृत्तिवेतन त्या वेगाने वाढत नाही. दुसरे असे, की एका वयोगटाचे दर नुसते दाबले, तर कंपनी त्या वयाचे नवे ग्राहक टाळण्याचे अन्य मार्ग शोधते. कंपनीला ज्येष्ठ ग्राहक नकोसा का वाटतो, हे मूळ कारण त्याने हटत नाही.

इतर देशांनी हे कसे सोडवले?

नेदरलँड्सचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. २००६ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाने खासगी कंपनीकडून मूलभूत आरोग्य विमा घेणे सक्तीचे आहे. विकतात खासगी कंपन्या, निवडतो ग्राहक, आणि वर्षअखेरीस कंपनी बदलण्याची मुभा सर्वांना असते. पण या बाजाराला चार कुंपणे आहेत. अर्ज करणाऱ्या कोणालाही कंपनी नाकारू शकत नाही. एका योजनेचा हप्ता तरुणाला आणि वृद्धाला सारखाच. मूलभूत विम्यात काय काय मिळणार, हे कायद्याने ठरलेले. आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना सरकारी अनुदान. प्रौढांना वर्षाला पहिल्या ३८५ युरोंपर्यंतचा बहुतेक खर्च स्वतः करावा लागतो.

या रचनेचा कणा म्हणजे जोखीम भरपाई निधी. ज्या कंपनीकडे वृद्ध आणि आजारी ग्राहक जास्त, तिला या निधीतून जास्त पैसे मिळतात. त्यामुळे मधुमेही ग्राहक कंपनीला ओझे वाटत नाही. उलट त्याची साखर आटोक्यात ठेवून रुग्णालयात जाण्याची वेळ टाळली, तर कंपनीचाच फायदा होतो. स्पर्धेची दिशा बदलते ती अशी. तेथील बहुतेक मोठ्या विमा कंपन्या सहकारी धर्तीच्या, नफा न वाटणाऱ्या आहेत, हेही सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने लक्षात घ्यावे.

स्वित्झर्लंडनेही १९९६ पासून सक्तीचा खासगी विमा स्वीकारला आणि मूलभूत विम्यावर नफा कमावण्यास बंदी घातली. तरीही तिथे सरासरी हप्ता २०२४ मध्ये ८.७ टक्के आणि २०२५ मध्ये सुमारे ६ टक्के वाढला. हप्त्यांचा भार उत्पन्नाच्या १० टक्क्यांवर रोखण्याचा प्रस्ताव जून २०२४ च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला, कारण उरलेला पैसा करातूनच येणार होता. धडा स्पष्ट आहे. चांगले नियम विम्याचे ओझे न्याय्यपणे वाटतात, पण उपचारच महाग असतील तर विमा स्वस्त राहू शकत नाही.

अमेरिकेकडून काय घ्यावे, काय टाळावे?

२०१० च्या कायद्याने अमेरिकेत आजारी माणसाला विमा नाकारण्यास बंदी आली, तुलना करून विमा घेण्यासाठी सार्वजनिक बाजारपेठा उभ्या राहिल्या आणि विमा न घेणाऱ्यांना दंड लागू झाला. पुढे २०१९ पासून केंद्रीय दंड शून्य करण्यात आला. त्यानंतर या व्यवस्थेची भिस्त मुख्यतः सरकारी अनुदानावर राहिली आणि अनुदान किती द्यायचे हा तिथे कायमचा राजकीय वाद होऊन बसला.

त्याच कायद्यातील एक तरतूद मात्र आपण जशीच्या तशी विचारात घ्यावी. वैयक्तिक व छोट्या समूहांच्या विम्यात जमा हप्त्यांपैकी किमान ८० टक्के आणि मोठ्या समूहांच्या विम्यात ८५ टक्के रक्कम उपचार व आरोग्यसेवेच्या दर्जावर खर्च झालीच पाहिजे. कमी झाली तर फरक ग्राहकांना परत करावा लागतो. यात सरकार हप्ता ठरवत नाही, कंपनी बंद पाडत नाही. पैशाचा हिशेब तेवढा मागते.

रुग्णालयांच्या बिलांचे काय?

विमा हा रुग्णालयाच्या बिलाचाच आरसा. एकाच शहरात एकाच शस्त्रक्रियेचे दर रुग्णालयागणिक बदलतात, आणि ‘विमा आहे का?’ या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बिलाचा आकडा ठरतो अशी शंका अनेकांना येते. कंपनी म्हणते रुग्णालय फुगवते, रुग्णालय म्हणते कंपनी कापते. मध्ये सापडतो तो रुग्ण.

खोलीभाड्याची अट हा याचा नमुना. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाचे खोलीभाडे पाच हजारांपर्यंत मंजूर आहे आणि रुग्णाने आठ हजारांची खोली घेतली, तर अनेकांना वाटते की रोजचे तीन हजार आपण भरू. पण अशा पॉलिसीत खोलीच्या वर्गाशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असा खर्च दोन लाख असेल तर कंपनी सव्वा लाखच देते. औषधे, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागू नाही, हे २०२० मध्ये नियामकाने स्पष्ट केले. पण दाखल होण्याच्या धावपळीत हे कोणाला आठवणार?

केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालील नियमांत दरांच्या मर्यादेची तरतूद आहे. ती अमलात का आली नाही, असा जाब सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राला विचारला. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याखालील २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले. आपल्या जवळच्या रुग्णालयात ते सहज दिसते का, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

राज्याला हे जमत नाही, असेही नाही. मे २०२० मध्ये, कोविडच्या काळात, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: साध्या विभागासाठी दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागासाठी साडेसात हजार, तर व्हेंटिलेटरसह ९ हजार रुपये. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, तक्रारीही झाल्या. पण दर जाहीर करता येतात आणि तपासताही येतात, हे त्या काळात दिसून आले.

मग सरकारनेच सर्वांना विमा का देऊ नये?

महाराष्ट्राने त्या दिशेने पाऊल टाकले आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत खुली करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेण्यात आले.

ही मोठी सोय आहे आणि ज्येष्ठांनी तिचे कार्ड अवश्य काढावे. पण यादीतील उपचार, यादीतील रुग्णालये आणि ठरलेले पॅकेज यांच्या चौकटीतच ती चालते. दर परवडत नाहीत म्हणून रुग्णालये अशा योजनांपासून दूर राहिली, तर कार्ड हाती असूनही खाट मिळत नाही. म्हणून सरकारी योजना आणि खासगी विमा यांतले एकच निवडा, असा हा प्रश्न नाही. सरकारी योजना पाया म्हणून हवीच. त्यावर ज्यांना खासगी विमा हवा आहे, त्यांच्यासाठीचा बाजार किमान सचोटीचा असावा, इतकीच अपेक्षा आहे.

नेमके काय करायला हवे?

पहिले, ‘प्रमाणित’ योजनांची सहज तुलना. इर्डाईने एकसारख्या अटींची ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी २०२० मध्ये आणली. असे आणखी दोन-तीन स्तर हवेत. २०२४ मध्ये ज्याचे नियम झाले, त्या ‘बिमा सुगम’ या ऑनलाइन बाजारपेठेवर या योजना हप्ता, नाकारलेले दावे आणि तक्रारी यांच्यासह शेजारी शेजारी दिसाव्यात.

दुसरे, दाव्यांसाठी किमान खर्चाचा तळ. वैयक्तिक विम्यात सुरुवातीला ७० टक्के ठेवून तो टप्प्याटप्प्याने वाढवावा. फरक पुढच्या हप्त्यात वळता व्हावा.

तिसरे, नकार न देता येणारी पोर्टेबिलिटी. सलग पाच वर्षे विमा चालवणाऱ्याला प्रमाणित योजनेत तेवढ्याच विमा रकमेसाठी नव्या कंपनीने घेतलेच पाहिजे. एवढ्यावर थांबलो तर आजारी ग्राहक चांगल्या कंपन्यांकडे गर्दी करतील आणि त्या बुडतील. म्हणून याला जोड हवी ती चौथ्या उपायाची, म्हणजे सर्व कंपन्यांच्या हप्त्यातून उभारलेल्या जोखीम भरपाई निधीची. पाचवे, रुग्णालयांचे दर जाहीर होणे. त्यासाठी राज्याने आपल्याच २०२१ च्या नियमांची तपासणी करावी, नवा कायदा लागत नाही.

यावर आक्षेप काय आहेत?

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की नेदरलँड्समध्ये विमा सक्तीचा आहे, आपल्याकडे तो ऐच्छिक. सक्तीविना सर्वांना सारखे नियम लावले, तर तरुण म्हणतील, ‘आजारी पडलो की घेऊ’. हा आक्षेप खरा आहे. मोठ्या असंघटित क्षेत्रात सक्ती शक्यही नाही. म्हणूनच वर सुचवलेला हक्क पहिल्या दिवसापासून नव्हे, पाच वर्षे हप्ते भरल्यावर सुरू होतो. त्यातून ‘तरुणपणी घ्या, म्हातारपणी अडकणार नाही’ असा भरवसा तरुणाला मिळतो. आज तो विमा टाळतो त्यामागे हा भरवसा नसणे, हेही एक कारण आहे.

दुसरा आक्षेप, तरुणांचा हप्ता थोडा वाढेल. वाढेल. पण आजचा तरुण उद्याचा ज्येष्ठ आहे. विशीत स्वस्त आणि पासष्टीत अशक्य अशा विम्यापेक्षा आयुष्यभर झेपेल असा विमा त्याच्याही हिताचा. तिसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. ते आहेत आणि त्यांचा भुर्दंड प्रामाणिक ग्राहक भरतो. पण त्यावर उपाय दर जाहीर करणे आणि दाव्यांची माहिती एकत्र तपासणे हा आहे. सरसकट संशय घेणे हा नव्हे. २०२३-२४ मध्ये कंपन्यांकडील दाव्यांपैकी संख्येने सुमारे ८३ टक्के निकाली निघून पैसे मिळाले आणि सुमारे ११ टक्के नाकारले गेले. त्या अकरांत किती खोटे आणि किती खरे, हे कंपनीनिहाय व कारणनिहाय लोकांसमोर यायला हवे.

तोपर्यंत विमाधारकाने काय करावे?

नोकरीतला समूह विमा निवृत्तीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची लहान का होईना वैयक्तिक पॉलिसी पन्नाशीच्या आत घ्या. अर्जात आजार लपवू नका. एजंटने ‘लिहू नका’ म्हटले तरी लिहाच. खोलीभाडे, सहभाग-रक्कम आणि प्रतीक्षा कालावधी या तीन गोष्टी ग्राहक माहितीपत्रकात पाहा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा आणि नव्या कंपनीचा होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

बाजार वाईट म्हणून तो मोडावा, असे येथे कोणी म्हणत नाही. पण आजवर आपण विक्रेत्यांसाठी दारे उघडण्यालाच सुधारणा म्हटले. आता ग्राहकालाही बाहेर पडण्याचे दार हवे. त्या पासष्टीच्या गृहस्थांना नूतनीकरणाचा मेसेज आल्यावर ‘यापेक्षा बरे कुठे मिळते ते पाहू’ असे म्हणता आले आणि समोरून नकार आला नाही, की बाजार सुधारला असे समजावे.